आवाज आल्याशिवाय सोडायचं नाही

सोमवार, ४ मार्च

आबा,

माझं अक्षर ओळखून तुम्ही हे पाकीट न उघडताच कपाटावर भिरकावलं असतंत, म्हणून पत्ता माझ्याबरोबर राहणाऱ्या मुलीकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहे तर वाचा. भांडायला लिहीत नाहीये. प्रेम उतू चाललंय म्हणूनही नाही. कामाचं आहे.

दादाचा फोन आला होता. तुमचं आतड्याचं ऑपरेशन झालं, शौचासाठी पोटावर तोंड काढलंय आणि त्याला पिशवी लावलीये, हे मला सगळं पार पडून तुम्ही घरी आल्यावर कळलं. ठीक आहे. आपल्या घरात मला गोष्टी उरकल्यावरच कळतात, त्यात नवीन काय?

दादा म्हणतो, व्हिसा झालाय, खोली तयार आहे, वहिनीने तुमच्यासाठी खालच्या मजल्यावरच संडास करून घेतलाय, आणि आबा ढिम्म हलत नाहीत. एकदा म्हणे गुडघा दुखतो. एकदा म्हणे तिकडे थंडी फार. परवा म्हणे गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व कोण बघणार? दादा वैतागलाय. तिकडे काम सोडून तो येऊ शकत नाही, आणि इकडे तुम्ही गेल्या महिन्यात दोनदा चक्कर येऊन पडलात. तिसऱ्यांदा पडलात तर उचलायला कोण आहे?

खरं कारण ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरने त्याला सांगितलं. तुम्ही तिला विचारलंत, "विमानात ही फुटली तर? भर माणसांत?"

दादा हसला. मी नाही हसले. अकरा वर्षं विमानात काम करतेय. वर गेल्यावर माणसांच्या पोटांचं काय होतं ते मला विचारा. सूटबूटवाले, टायवाले, नवी नवरी, सगळे सारखेच. वर हवेचा दाब कमी होतो, पोटातला गॅस फुगतो. चिप्सचं पाकीट कसं टम्म होतं, तसं. सगळे गुपचूप बुडं हलवत बसतात आणि खिडकीबाहेर बघतात. आम्ही हसून चहा विचारतो. वास आम्हालाही येतो.

तुमची पिशवीही थोडी फुगेल. फुटणार नाही. तिला वर बारीक गाळणी असते, गॅस तिच्यातून निघून जातो. तरी विमानात चढायच्या आधी विमानतळावर रिकामी करून घ्या. आदल्या दिवशी कोबी, उसळी, सोडा बंद. पण उपाशी राहू नका. रिकाम्या पोटी गॅस जास्तच होतो, हे तुम्हाला पटणार नाही, तरी खरं आहे. पाणी घोटघोट पीत राहा. लागेल त्याच्या दुप्पट पिशव्या घ्या आणि सगळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग भलत्याच देशात गेली तर काय करणार? पिशवीच्या चकतीला भोक पाडायचं ते घरीच पाडून न्या, कात्री तपासणीत काढून घेतात. आणि डॉक्टरची चिठ्ठी वरच्या खिशात. तपासणारा पोटाला हात लावायला लागला की ती दाखवायची, म्हणायचं, आडोशाला चला. लाजायचं नाही. तो दिवसभर हेच बघतो.

जन्मभर तुम्ही लोकांचे तुंबलेले संडास मोकळे केलेत. संध्याकाळी साबणाने हात धुऊन आमच्याबरोबर जेवायला बसायचात. आम्हाला कधी किळस आली नाही. आता स्वतःच्या वीतभर पिशवीची कसली लाज?

बस. यायचं की नाही ते तुम्ही आणि दादा बघा.

— मी


शुक्रवार, १५ मार्च

आबा,

उत्तर मिळालं. हार्डवेअरच्या दुकानाच्या बिलाच्या पाठीवर, सुताराच्या पेन्सिलीने. ना नाव, ना "कशी आहेस". एवढंच: "विमानात पाणी टाकत नाहीत म्हणतात. मग वास कसा अडतो? ट्रॅप कुठे आहे?"

सहा वर्षांनी बापाचं पत्र आलं आणि त्यात ट्रॅप. मी ते जेवणाच्या टेबलावर उलटं-सुलटं करून पाहिलं. मला काही वाटलं नाही. हल्ली मला पटकन काही वाटतच नाही. बरं असतं, कामाला सोपं जातं. मग दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आमच्या इंजिनिअरला गाठून विचारून आले. म्हटलं, एका प्लंबरला हवंय.

ऐका. ट्रॅप नाही. आपल्याकडे भांड्याखाली पाइपला बाक असतो, त्यात पाणी साठून राहतं आणि वास वर येत नाही, हे तुम्हीच मला खडूने जमिनीवर काढून दाखवलं होतंत. विमानात तसं साठलेलं पाणी हिंदकळून बाहेर येईल. म्हणून भांड्याच्या तळाला झडप. बटण दाबलं की झडप उघडते आणि हवा सगळं ओढून नेते. वर गेल्यावर बाहेरची हवा विरळ असते ना, त्या फरकावरच काम होतं, पंपसुद्धा लागत नाही. जमिनीवर असताना मात्र पंप. पुन्हा झडप बंद. सगळं शेपटाकडच्या टाकीत जातं. खाली गावांवर सांडत नाही, हे ज्याला त्याला सांगून मी थकलेय.

आवाज मात्र भयानक होतो. कोणीतरी कानाशी कापड फाडावं तसा. नवखी माणसं घाबरून तशीच बाहेर येतात. झाकण लावायचं, मग बटण दाबायचं. भांड्यात आधी कागद अंथरा, म्हणजे पिशवी रिकामी करताना उडणार नाही. जागा इतकीशी असते की तुमचा एक कोपर बेसिनमध्ये आणि दुसरा दारावर. पण तुम्ही याहून अरुंद जागेत शिरलेले आहात. टॉवरच्या पाइपांच्या शाफ्टमध्ये तुम्ही आडवे होऊन गेला होतात आणि आई खाली उभी राहून शिव्या देत होती.

जायची वेळ सांगून ठेवते. जेवणाच्या गाड्या निघायच्या आधी जायचं. जेवणानंतर अख्खं विमान उठतं आणि रांग लागते. हे पाठ करा.

— मी


मंगळवार, २ एप्रिल

आबा,

तुमची चिठ्ठी आणि सिस्टरचा फोन एकाच दिवशी. चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय: "टेस्ट घेतली. लाइन ठीक. गळती नाही. सीटचा पट्टा वरून की खालून?"

कसली टेस्ट ते मला सिस्टरकडून कळलं. तुम्ही सकाळची बस धरून घाटावर गेलात, वर पोचल्यावर स्टँडच्या संडासात पिशवी बघितलीत, चहा प्यायलात आणि त्याच बसने खाली आलात. का, तर उंचावर किती फुगते ते बघायला. ती बिचारी रडकुंडीला आली होती. "अहो, जखम अजून ओली आहे त्यांची!" मी म्हटलं, सिस्टर, लाइन टाकली की दाब देऊन बघितल्याशिवाय तो माणूस ती कोणाच्या ताब्यात देत नाही, हा तर त्याचा जीव आहे. ती म्हणाली, तुम्ही मुलगी ना, रागवा त्यांना. मी म्हटलं, बघते.

रागवत नाही. पट्टा खालून घ्या, मांड्यांच्या वरून, आणि पोटाशी घडी केलेला रुमाल.

लाइनवरून आठवलं. तुम्ही गच्चीवर टाकीपाशी आणि मी खाली शेवटच्या नळाशी बादली धरून. तुम्ही वरून ओरडायचात, "सोडू का?" मी सगळे जोड बघायचे, नळ बंद आहेत ना बघायचे, आणि ओरडायचे, "सोड!" एरवी तुम्हाला अहो-जाहो, पण कामावर ते नाही. एकदा मी शेजारी टीव्ही बघायला पळाले होते. परत आले तर तुम्ही वर उन्हात तसेच बसलेले, हात व्हॉल्ववर. मला वाटलं, आता फटके. तुम्ही एवढंच म्हणालात, "आवाज आल्याशिवाय सोडायचं नाही. खाली कोण कुठे हात घालून बसलंय, आपल्याला काय माहीत?"

आईच्या वेळी मात्र आवाजाची वाट बघितली नाहीत, आबा.

मी वरच होते, हवेत. फोन बंद. उतरले, फोन लावला, तर दादाचा निरोप, आई गेली. तुमचा एकही कॉल नव्हता. एक अनोळखी नंबर होता, पुन्हा पुन्हा आलेला, विम्यावाले करतात तसा. मी धावत घरी पोचले तर तुम्ही दारात उभे. म्हणालात, "उरकलं." मी आईची खोली बघितली, गादी गुंडाळलेली होती. मी बॅगसुद्धा उघडली नाही, तशीच परत गेले. कोणीतरी म्हणालं, पोरगी दगड आहे. असेल. पण अजून मला नीट रडू आलेलं नाही, आणि व्हॉल्ववर हात ठेवून थांबलेल्या त्या माणसाची मी मुलगी आहे असं वाटत नाही.

हे सगळं खोडणार होते. पेनने लिहिलंय, राहू दे.

— मी


सोमवार, २२ एप्रिल

आबा,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे मला माहीत होतं. त्याचं मला काही नाही. खरंच.

दादा म्हणाला, तुम्ही हो म्हणालात. तिकीट त्याने काढलंय, सीट मी बदलून घेतली. मागून दुसरी रांग, कडेची. उठलात की डाव्या हाताला संडास. खिडकी मिळणार नाही, ढगांचं काय करायचंय?

त्या विमानात माझ्या ओळखीची एक मुलगी ड्यूटीवर असेल. तिला सगळं सांगून ठेवलंय. काही लागलं तर डोक्यावरचं बटण दाबायचं, उगाच दात आवळून बसायचं नाही.

गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व बंद करून निघा.

— मी


गुरुवार, ९ मे

आबा,

दादा म्हणाला, तुम्ही पोचल्यावर दोन दिवस झोपून होतात आणि मग उठून त्याच्या बेसिनचा नळ दुरुस्त केलात. म्हणजे बरे आहात.

विमानात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच होता. पण तुम्ही दाराच्या आत होता. बाहेरचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून लिहितेय.

ओळखीची मुलगी वगैरे काही नव्हतं. मी ड्यूटी बदलून घेतली होती. तुम्ही विमानाच्या दारात आलात, आणि मी इतक्या वर्षांच्या सवयीने म्हटलं, "गुड मॉर्निंग, सर." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे बघितलंत. म्हणालात, "गुड मॉर्निंग. मागे का?" मी म्हटलं, "सरळ मागे." तुमच्यामागे एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती, मी तिलाही तेच हसू दिलं. केवढे बारीक झालात तुम्ही. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल. मला वाटलं, आता काहीतरी वाटेल. नाही वाटलं. मी सामानाचे कप्पे बंद करत गेले.

तुमच्या बाजूच्या संडासात मी आधीच कॉफीच्या दोन पुड्या फोडून ठेवल्या होत्या. वास खाते ती. आमच्याकडे सगळ्याजणी हेच करतात. तुम्ही नंतर दादाला म्हणालात ना, आत कॉफीचा वास येत होता, ती मी.

जेवण घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, "नको." मी म्हटलं, "थोडं खा. रिकाम्या पोटी..." "माहीत आहे," तुम्ही म्हणालात आणि पाव उचललात. अख्खा संपवलात, डॉक्टर समोर उभा असल्यासारखा. आणि मग काय केलंत? जेवणानंतर उठलात! कागदावर लिहून पाठवलं होतं, पाठ करा म्हणून. सगळी जनता उठते तेव्हाच नेमके. तुमच्यामागे सात-आठ माणसं.

तुम्ही आत गेलात आणि विमान हलायला लागलं. पट्टे बांधायची खूण लागली. कॅप्टनने आम्हालाही बसायला सांगितलं. रांग कुरकुरत पांगली, फक्त एक मिशीवाला राहिला, दर दोन मिनिटांनी म्हणत होता, "आत झोपलाय की काय तो?" त्याला मी जबरदस्तीने बसवलं. तुम्ही काही बाहेर येईनात. खूप वेळ झाला, आबा. आमची सीनिअर आली. तिने दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. आमचा नियम आहे, दोनदा वाजवून उत्तर आलं नाही तर उघडायचं. दारावरच्या पाटीखाली कडी असते, बाहेरून सरकते. तिने पाटी उचलली.

मी तिचा हात धरला.

ती म्हणाली, "पडला असेल म्हातारा आत."

मी म्हटलं, "माझे वडील आहेत."

तिला हे माहीत नव्हतं. विमानातल्या कोणालाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मग तर उघडायलाच हवं." बरोबरच होतं तिचं. तुम्ही पडला असतात तर प्रत्येक मिनिट महत्त्वाचं होतं. आणि पडला नसतात तर शर्ट वर, पोट उघडं, हातात ती पिशवी, आणि दार सताड उघडं. ज्याला तुम्ही एवढे घाबरत होतात ते मीच केलं असतं. भर माणसांत. मी म्हटलं, "मला एक मिनिट दे."

दाराला खाली हवेची जाळी असते. मी गुडघ्यावर बसले. विमान गचके खात होतं, माझा खांदा दारावर आपटत होता. मी जाळीला तोंड लावून ओरडले, "आबा!" इंजिनाच्या घरघरीत काही कळेना. मग कान लावला.

तुमचा आवाज आला. ओरडत नव्हतात. ओरडून ओरडून दमल्यासारखा, पण अगदी नेहमीचा, गच्चीवरचा.

"सोडू का?"

तेव्हा मला समजलं. तुम्ही पडला नव्हता, अडकला नव्हता. सगळं नीट उरकलं होतंत, पिशवी बदलली होतीत, झाकण लावलं होतंत. बटणावर बोट ठेवून बसला होतात. विमान हलायला लागलं, मी लिहिलं होतं की आवाज भयानक होतो, आणि तुम्हाला काय वाटलं देव जाणे. पण पलीकडे कोण आहे, सोडलं तर कोणाला काय होईल हे कळल्याशिवाय तुम्ही सोडत नव्हता. किती वेळ विचारत होता? आम्ही दार वाजवत होतो तेव्हाही तुम्ही हेच विचारत असाल. आम्हाला ते ऐकू येत नव्हतं, तुम्हाला आमचं.

मी ओरडले, "सोड!"

मागच्या तीन-चार रांगांनी वळून बघितलं. मिशीवाल्याने तर पट्टा सोडून मान काढली. आत तो फाटल्याचा आवाज झाला आणि मला रडू फुटलं. आबा, आईच्या वेळी आलं नाही ते आलं, तेही संडासाच्या दारात, गुडघ्यावर, अंगात युनिफॉर्म. सीनिअर माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, तिला वाटलं तुम्ही वाचलात म्हणून रडतेय. मला थांबताच येईना. फार दुखलं आणि फार बरं वाटलं.

मग तुम्ही दार उघडलंत. हात ओले. मला खाली बसलेली बघितलंत आणि म्हणालात, "गळती नाही." आणि मग, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत, एका दमात, "तुझ्या आईच्या वेळी माझा फोन बंद पडला होता. समोरच्या शिंप्याच्या दुकानातून लावत होतो तुला. आवाजच येईना. दुपार झाली, लोक म्हणाले आता सोडा. मी सोडलं. थांबायला पाहिजे होतं."

आणि मी काय म्हटलं? "सीटवर बसा, पट्टा बांधा." दुसरं काही तोंडातून निघालंच नाही. तुम्ही मान हलवलीत, जाऊन बसलात. रुमालाची घडी पोटाशी ठेवलीत, पट्टा खालून घेतलात. उतरताना तुम्ही "थँक यू" म्हणालात आणि मी "हॅव अ नाइस डे, सर" म्हटलं. दादा बाहेर उभा होता, पण त्या फेरीत मुक्काम नव्हता, मला विमानातून बाहेर पडता आलं नाही.

तेव्हा दिलं नाही ते उत्तर आता देते. तो अनोळखी नंबर शिंप्याचा होता तर. मी विम्याचा समजले. इतक्या वेळा आला होता तो, आबा. तुम्ही हाक मारत होतात आणि मी वर होते, मला ऐकू येत नव्हतं. ऐकलं मी आता. उशीर झाला, पण ऐकलं.

राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. कुठे आहे ते तपासून बघितलं, नीट सापडला नाही. सध्या नुसतं थकल्यासारखं वाटतंय.

या महिन्याच्या शेवटी मला तिकडची फ्लाइट आहे, एक रात्र मुक्काम मिळतो. पिशव्यांचे दोन डबे घेऊन येते. दादाच्या दाराची घंटा बिघडलेली आहे म्हणे, ती तुम्ही तोवर दुरुस्त कराल, पण मी ती वाजवणार नाही. बाहेरून हाक मारीन. आतून आवाज द्या. झोपला असाल, संडासात असाल, तर सावकाश द्या.

आवाज येईपर्यंत मी दारातच थांबेन.

— तुमची खालच्या नळावरची